जुन्या नौकेचा जीर्णोद्धार : पहिला खिळा काढण्यापूर्वी

(नौकामालक, नौकाबांधणी करणारे कारागीर आणि संग्रहालयांतील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

या सभागृहात आज तीन प्रकारचे श्रोते बसलेले आहेत. काहींच्या अंगणात आजोबांच्या काळातील होडी पडून आहे. काहींच्या हाती ती दुरुस्त करण्याची कला आहे. काहींवर संग्रहालयाच्या अथवा पर्यटन विभागाच्या वतीने एखादी जुनी नौका जतन करण्याची जबाबदारी येऊन पडली आहे. या तिघांचाही प्रश्न एकच असतो : काम केव्हा सुरू करावयाचे? माझे उत्तर असे की, काम आजच सुरू करा. हत्यार मात्र उशिरा उचला.

असे मी का म्हणतो, हे सांगण्यासाठी प्रथम एका चुकीची कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका खाडीकाठच्या गावी सुमारे साठ वर्षे वयाची, बारा मीटर लांबीची मालवाहू नौका दुरुस्तीसाठी काठावर ओढण्यात आली. पावसाळा तोंडावर होता, निधी त्याच वर्षी खर्च होणे आवश्यक होते आणि सर्वांनाच घाई झाली होती. एका बाजूच्या कुजलेल्या फळ्या एकदम काढून टाकाव्यात, असे ठरले. त्या निर्णयाला माझीही संमती होती. पाच दिवसांत आठ ओळी मोकळ्या झाल्या. पहिल्या जोरदार पावसात टेकू खचले, फळ्यांचा आधार सुटलेल्या फासळ्या बाहेर फाकल्या आणि नौकेचे तोंड वीतभर रुंदावले. मूळ वळण कसे होते, हे कोणीही मोजून ठेवले नव्हते. ती बांधणारे वृद्ध सुतार दोन वर्षांपूर्वीच निवर्तले होते. नव्या फळ्या कोणत्या वळणावर बसवाव्यात, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. अखेर ती नौका लाकूड म्हणून वजनावर विकली गेली.

तिला किड्यांनी मारले नाही, पाण्यानेही नाही. आमच्या पूर्वतयारीच्या अभावाने मारले. म्हणून आजचे व्याख्यान केवळ पूर्वतयारीविषयी आहे.

नौका हाच आराखडा

आपल्याकडील पारंपरिक नौकाबांधणीचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे ती प्रायः कागदावर झाली नाही. कच्छमधील मांडवी येथे रुक्मावती नदीच्या काठी बांधली जाणारी गलबते असोत, केरळातील बेपूर येथील विशाल ‘उरू’ असोत किंवा कोकणातील मचवे असोत. मुख्य कारागिराच्या डोळ्यांत आणि हातांत सारे गणित साठवलेले असे. ‘युक्तिकल्पतरू’ हा धारचा राजा भोज याच्या नावावर असलेला अकराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ नौकांचे प्रकार, त्यांची लांबी-रुंदी आणि त्यांसाठी योग्य लाकूड यांचे वर्गीकरण करतो. तथापि, अमुक फळी कोणत्या ठिकाणी किती वाकवावी, हे ग्रंथात नसते. ते नौकेच्या अंगात असते. नौका मोडली की आराखडाही नष्ट होतो.

आराखड्याचे मोल किती, हे मुंबईच्याच एका जहाजाच्या कथेवरून समजते. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबई गोदीत अनेक जहाजे बांधली. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडण्यात आली. तिचे इंग्लंडहून पाठविलेले आराखडे ‘जावा’ या युद्धनौकेवर होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर ‘जावा’ अमेरिकी युद्धनौकेशी झालेल्या लढाईत नष्ट झाली आणि आराखडेही गेले. परंतु मूळ नोंद लंडनमध्ये सुरक्षित होती. म्हणून दुसरी प्रत पाठविता आली. तीच ‘ट्रिंकोमाली’ पुढे १९८६ पर्यंत दुसऱ्या नावाने मुलांना नाविक शिक्षण देत राहिली. नंतर ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे नेण्यात आली. १९९० ते २००१ असे अकरा वर्षे तिचे जीर्णोद्धाराचे काम चालले. मुंबईच्या कारागिरांनी घडविलेले सागवान आज दोनशे वर्षांनंतरही तेथे पाण्यावर तरंगत आहे.

आपल्या होड्यांची अशी दुसरी प्रत कोठेही नाही. याचा परिणाम काय होतो, हे अलीकडील उदाहरणावरून दिसते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील जहाजाच्या आधारे दोरीने शिवलेल्या फळ्यांचे एक जहाज गोव्यात बांधण्यात आले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. केरळमधील कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. हा उपक्रम निश्चितच अभिमानास्पद आहे. परंतु हाताशी ना जुने जहाज होते, ना त्याचा आराखडा. एका सपाट चित्रावरून तिन्ही मिती कल्पाव्या लागल्या आणि त्या पडताळण्यासाठी शास्त्रीय चाचण्या कराव्या लागल्या. आपल्या अंगणातील होडीची मापे आज घेतली, तर पुढील पिढीवर तिच्यासाठी अशी वेळ येणार नाही.

पश्चिम बंगालमध्ये याच जाणिवेतून एक वेगळा प्रयोग झाला. रूपनारायण नदीच्या परिसरात चालणारी, तळाशी निमुळती असलेली ‘छोट’ नावाची मालवाहू नौका नामशेष होण्याच्या मार्गावर होती. २०२२ साली हावडा जिल्ह्यातील जाणत्या कारागिरांकडून अशी एक नौका मुद्दाम बांधून घेण्यात आली आणि बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे चित्रीकरण झाले. कारागीर हयात असताना नोंद झाली, हे त्या प्रयोगाचे खरे यश होय.

पहिला प्रश्न : कशासाठी?

जुन्या नौकेसमोर उभे राहिल्यावर ‘कशी दुरुस्त करावी’ याआधी ‘कशासाठी’ हा प्रश्न विचारला पाहिजे. ढोबळमानाने चार मार्ग असतात. नौका पुन्हा पाण्यावर चालवावयाची. संग्रहालयात कोरडी ठेवावयाची. तिला नवा उपयोग द्यावयाचा. किंवा ती वाचण्यापलीकडे गेली असल्यास तिची संपूर्ण नोंद करून तिला निरोप द्यावयाचा. चौथा मार्गही प्रामाणिक आहे. त्यात पराभव मानण्याचे कारण नाही.

मार्गागणिक पूर्वतयारी बदलते. पाण्यावर जाणाऱ्या नौकेत सुरक्षिततेला प्राधान्य असते. कमकुवत फळी कितीही जुनी असली तरी ती बदलावीच लागते. संग्रहालयातील नौकेत मूळ लाकूड शक्य तितके राखणे महत्त्वाचे असते. नव्या उपयोगाचे उदाहरण म्हणजे केरळातील ‘केट्टुवल्लम’. खिळ्याशिवाय, काथ्याने शिवलेल्या आंजिलीच्या फळ्यांच्या या नौका कुट्टनाडचा भात वाहून नेत असत. रस्ते आणि पूल झाले, तशा त्या बेकार झाल्या. १९९० च्या दशकात त्यांना पर्यटकांच्या निवासी नौकांचे रूप मिळाले. त्यातून रोजगार वाढला आणि कौशल्यही काही प्रमाणात टिकले. परंतु खोल्या, स्नानगृहे आणि यंत्र बसविलेली नौका ही मालवाहू केट्टुवल्लम राहत नाही. रूपांतर आणि जीर्णोद्धार या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन्हींना स्थान आहे. मात्र आपण काय करीत आहोत, हे आरंभीच स्पष्ट असावे.

चालत्या पारंपरिक नौकांच्या जतनासाठी युरोपात २००३ साली ‘बार्सिलोना सनद’ तयार झाली. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आधार तिला आहे. आपण त्यातील एकच सूत्र घेऊ : जे काही कराल, त्याची नोंद ठेवा आणि नवे-जुने ओळखता येईल असे करा. नव्या फळीच्या आतील बाजूस वर्ष कोरण्यास खर्च येत नाही.

काठावर घेताना

पाण्यात असलेल्या नौकेला सर्व बाजूंनी आधार असतो. किनाऱ्यावर तोच भार मोजक्या ठिकाणी येतो. त्यातच जुन्या नौकेला एक नेहमीचे दुखणे असते. मध्यभागास पाण्याचा उचल अधिक आणि निमुळत्या टोकांस कमी, त्यामुळे वर्षानुवर्षांत नाळ आणि मागचे टोक खाली झुकतात व मध्य वर येतो. माणसाच्या पाठीला पोक यावे, तसे हे पोक असते. अशा नौकेला केवळ मध्यभागी ओंडक्यावर ठेवले, तर ते वाढते.

म्हणून नौका ओढण्यापूर्वीच जागा सपाट व टणक करून घ्यावी. तळाच्या कण्याखाली संपूर्ण लांबीत समान अंतरावर लाकडी ठोकळे ठेवावेत. बाजूंना टेकू द्यावेत. टेकू आणि फळी यांच्यामध्ये रुंद पाट असावा, म्हणजे भार एका बिंदूवर येणार नाही. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून मध्याचे अंतर मोजावे आणि दर पंधरवड्याला ते पुन्हा मोजावे. आमच्या त्या बारा मीटरच्या नौकेवर ही साधी दोरी बांधलेली असती, तर टेकू खचत असल्याचे दुसऱ्याच दिवशी कळले असते.

दुसरा धोका उन्हाचा. लाकूड लांबीत फारसे आकसत नाही. रुंदीत मात्र आकसते. पाण्यातून काढलेली नौका वैशाखाच्या उन्हात उघडी ठेवली, तर सांधे उघडतात आणि फळ्या चिरतात. तिच्यावर छप्पर हवे, भोवती वारा खेळता हवा. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नये. आत बाष्प साठून लाकूड कुजते. उघडलेले सांधे पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात आणि बरेचसे सांधे मिटतात. अतिशय कोरड्या नौकेच्या सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठासून भरला, तर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही. त्या एकमेकींना रेटतात, खिळे उचकटतात, प्रसंगी फासळ्याही तुटतात.

मोजणी आणि साक्ष

आता नोंदीकडे वळू. यासाठी महागडी साधने आवश्यकच असतात, असे नाही. नौकेच्या मधोमध नाळेपासून मागच्या टोकापर्यंत आडवी दोरी ताणावी. तिच्यावर दर अर्ध्या मीटरला खूण करावी. प्रत्येक खुणेपासून दोन्ही बाजूंच्या फळ्यांपर्यंतचे अंतर आणि उंची वहीत लिहावी. वळणांवर पातळ प्लायवूड कापून त्याचे साचे बनवावेत. एका बाजूचा साचा दुसऱ्या बाजूस लावून पाहावा. कोणती बाजू सरकली आहे, ते लगेच समजते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चहूबाजूंनी, एकमेकांवर येतील अशी शंभर-दोनशे छायाचित्रे घेतल्यास संगणकावर नौकेची त्रिमिती प्रतिमाही तयार करता येते. मात्र शेजारी मोजपट्टी ठेवण्यास विसरू नये.

प्रत्येक फळीला आणि फासळीला क्रमांक द्यावा. तेथून काढलेला प्रत्येक तुकडा काम पूर्ण होईपर्यंत जपावा. कुजलेल्या फळीचाही उपयोग असतो : तिच्यावर खिळ्यांचे अंतर दिसते, जुन्या दुरुस्तीच्या खुणा दिसतात, करवतीची धाटणी दिसते.

यानंतरची नोंद माणसांची. ती बांधणारा, तिच्यावर काम केलेला, तिच्यातून माल नेलेला असा कोणी हयात असेल, तर त्यास नौकेजवळ खुर्ची देऊन बसवावे. घरी बसून माणूस जे सांगत नाही, ते नौकेला हात लावल्यावर आठवते. हे वळण येथेच का दिले? मापे फुटांत होती, की हात आणि वितीत? लाकूड कोठून आणले, कोणत्या महिन्यात तोडले? भरतीत ती कोणत्या बाजूस ओढ घेत असे? त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. नौकेच्या एकेका भागाला किनाऱ्याकिनाऱ्यावर वेगळे नाव आहे आणि शब्दकोशात त्यांतील सर्वच सापडतील, असे नाही. शब्द हरवला की त्यामागचे ज्ञानही हरवते.

दुखणे ओळखणे

नोंद पूर्ण झाल्यावर तपासणी. लाकडाचे शत्रू मुख्यतः तीन. पहिला कुजणे. बुरशीला वाढण्यासाठी ओलावा लागतो. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर कुजण्याची प्रक्रिया सहसा सुरू होत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. खारे पाणी लाकडास पुष्कळ अंशी टिकविते. कुजविते ते पावसाचे गोडे पाणी. म्हणून तळाइतकेच लक्ष वरच्या भागाकडे, काठाखालच्या कोपऱ्यांकडे, फासळ्यांच्या माथ्यांकडे आणि पाणी साचणाऱ्या प्रत्येक सांध्याकडे द्यावे.

दुसरा शत्रू जहाजकिडा. नाव किडा असले, तरी तो शिंपल्याच्या कुळातील प्राणी आहे. त्याची सूक्ष्म पिल्ले टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतात आणि आतल्या आत बोगदे कोरीत वाढतात. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आत मात्र पोकळ असते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. लाकडी हातोड्याने हलके ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोकळ लाकूड बद्द आवाज देते. संशय येईल तेथे बारीक आरी टोचून पाहावी. चुना आणि चरबी यांचा तळाला लेप देण्याची किंवा माशाचे तेल लावण्याची जुनी पद्धत याच शत्रूविरुद्ध होती.

तिसरा शत्रू लोखंडी खिळा. तो गंजतो, फुगतो आणि भोवतीच्या लाकडाचा कस घालवितो. अनेकदा फळी उत्तम असते. खिळ्याभोवतीची दोन बोटे जागा तेवढी भुसभुशीत झालेली असते. अशा फळीला टाकून देण्याऐवजी तेवढाच भाग कापून जुळत्या लाकडाचे ठिगळ बसविता येते. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड शेजारी-शेजारी आल्यास लोखंड झपाट्याने झिजते. नवे खिळे निवडताना हे विसरू नये.

तपासणीअंती वहीत तीन रकाने करावेत : राखणे, सांधणे, बदलणे. ‘बदलणे’ या रकान्यातील प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहावे. कारण लिहिताना हात थांबला, तर ती फळी पहिल्या दोनपैकी एका रकान्यात जावयास हवी. बदलावयाच्या फळ्याही एकदम काढू नयेत. आतून आडवे-तिरपे आधार ठोकून आकार बांधून घ्यावा आणि मगच एकेक फळी काढावी, तिच्या जागी दुसरी बसवावी, नंतर पुढे जावे.

लाकूड, माणसे आणि पैसा

लाकडाची सोय सर्वांत आधी करावी, कारण ते वाळण्यास काळ लागतो. उघड्या हवेत सावलीत रचलेली फळी वाळण्यास साधारण इंचामागे एक वर्ष, असा सुतारांचा जुना अंदाज आहे. केरळात आंजिली, म्हणजे आपला पाटफणस, पश्चिम किनाऱ्यावर साग, फासळ्यांसाठी नैसर्गिक बाक असलेली बाभूळ, काश्मीरमध्ये देवदार. त्या त्या प्रदेशाने आपले लाकूड पारखून घेतलेले आहे. १९९६ नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे वृक्षतोडीवर निर्बंध आले आणि ते आवश्यकच होते. म्हणून परवानाप्राप्त वखारीतील लाकूड, जुन्या घरांच्या मोडतोडीतील तुळया असे पर्याय आधीपासून शोधावे लागतात. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने प्रक्रिया केलेल्या रबरवृक्षाच्या लाकडापासून फायबरचे आवरण असलेल्या होड्या तयार करून पर्यायी मार्ग दाखविला. नव्या मासेमारी होडीसाठी तो उपयुक्त आहे. मात्र जुन्या, ओल्या लाकडावर फायबरचा थर चढविणे म्हणजे रोग आत कोंडणे होय. असा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणे नाकारावा.

माणसांविषयी एवढेच सांगतो की, अंदाजपत्रकात वृद्ध कारागिराच्या हाताखाली किमान दोन तरुणांचे मानधन धरावे. एका नौकेच्या दुरुस्तीत दोन शिकाऊ सुतार तयार झाले, तर तो लाभ नौकेहून मोठा आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै बंदी असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. या काळात काठावर नौका असतात आणि हात मोकळे असतात. प्रशिक्षणासाठी हा काळ साधता येईल.

सुरक्षिततेची पूर्वतयारी गौण मानू नये. लंडनमधील ‘कटी सार्क’ या जुन्या शिडाच्या जहाजाला २१ मे २००७ रोजी, जतनाचे काम चालू असतानाच आग लागली. चालू राहिलेले एक यंत्र हे तिचे संभाव्य कारण ठरले. सुदैवाने डोलकाठ्या आणि फळ्यांचा मोठा भाग आधीच क्रमांक घालून अन्यत्र ठेवलेला होता. म्हणून तो वाचला आणि २०१२ साली जहाज लोकांसाठी पुन्हा खुले झाले. आपल्या कामाच्या जागी तेल, राळ, काथ्या आणि लाकडाचा भुसा असतो. वाळूच्या बादल्या आणि रात्रीचा राखणदार यांची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी. नौका प्रवासी घेऊन नदीत अथवा खाडीत यंत्रावर चालवावयाची असेल, तर अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये नोंदणी व तपासणी यांची माहिती आधीच घ्यावी. अन्यथा सजविलेली नौका धक्क्यालाच बांधून ठेवावी लागते.

शेवटी पैसा. दुरुस्तीचा खर्च एकदाच येतो. देखभालीचा दरवर्षी येतो. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका निवृत्तीनंतर २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येत होती. २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणास्तव ती बंद झाली आणि २०१४ मध्ये तिची मोडतोड सुरू झाली. ज्या मुंबईत बांधलेले सागवानी जहाज परदेशात दोन शतके टिकते, त्याच मुंबईत देशाचा अभिमान असलेली पोलादी नौका आपण टिकवू शकलो नाही. यातून घ्यावयाचा धडा एकच : पुढील दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम कोण देणार, हे कागदावर आल्याखेरीज दुरुस्तीचा नारळ फोडू नये.

मित्रहो, येथून घरी गेल्यावर एक छोटे काम करा. एक वही घ्या, एक दोरी घ्या आणि अंगणातील त्या नौकेजवळ जा. शक्य असल्यास गावातील सर्वांत वृद्ध सुताराला बरोबर न्या. पहिल्या पानावर नौकेचे नाव लिहा, दुसऱ्यावर तिची मापे आणि तिसऱ्यावर तो सुतार जे सांगेल ते. पुढे निधी मिळाला, लाकूड मिळाले, काम झाले, तर उत्तमच. काही कारणाने नाही झाले, तरी ती वही उरेल आणि त्या वहीवरून कोणी तरी, कधी तरी, तशीच नौका पुन्हा पाण्यात सोडू शकेल. आमच्या त्या बारा मीटरच्या नौकेची अशी वही नव्हती. तुमच्या नौकेची असावी, एवढीच विनंती करून मी थांबतो.